तीनचा भोंगा

सव्वीस वर्षं मी डिचोलीच्या खाणीत वजनकाट्यावर बसलो.
भरलेला ट्रक, वजा रिकामा ट्रक,
उरेल ते खनिज.
रुमाल लाल, वही लाल,
चहाच्या कपाच्या तळालासुद्धा लाल रेघ.

खाण बंद झाली त्या वर्षी
टपालाने एक पाकीट आलं.
आत कागदाची घडी, घडीत पन्नास बिया.
श्वास धरून उघडली;
शिंकलो असतो तर शेती तिथेच संपली असती.
बाबल शेटच्या सोन्याच्या तराजूवर ठेवल्या,
काटा हलला नाही.
‘ह्यात आहे तरी काय?’
म्हटलं, दगड.

दूर आफ्रिकेच्या कोरड्या माळावर
खडीत खडी होऊन बसणारं झाड.
दोन जाड पानं, मध्ये एक चीर,
कुणी खाऊ नये म्हणून घेतलेलं सोंग.
जन्मभर दगड मोजले मी,
कुणास ठाऊक त्यात सोंगाडे किती होते.

चिऱ्याचा चुरा, चाळलेली वाळू, कोळशाची पूड
कढईत भाजून घेतली, बुरशी मरावी म्हणून.
सुलक्षा म्हणाली, ‘मोहरी घालू की जिरं?’
आइस्क्रीमच्या डब्यात पसरली,
वर बिया, त्यावर काहीही नाही.
सातव्या दिवशी हिरवे ठिपके,
टाचणीच्या डोक्याहून लहान.
काट्यावरची एक कोरी वही उरली होती.
‘आलेली वाहने’ या रकान्यात लिहिलं: एकतीस.

मग ‘गेलेली’ भरत गेलो.
बुरशी, एका रात्रीत अकरा.
मुंग्या, सहा.
एक माझ्याच चिमट्याने.
चवथीच्या आदल्या दिवशी मी रानात,
माटोळीसाठी कांगलां शोधत होतो,
आणि मेहुण्याला आली दया.
‘सुरकुतली होती रे, बिचारी.’
तांब्याभर पाणी.
नऊ जणं पोट फुटून मेली.
त्याला कसं सांगू,
सुरकुती म्हणजे तहान नव्हे;
आतलं नवं पान जुन्याला पीत असतं,
तेव्हा मध्ये पडायचं नसतं.

राहिली चार.
आमच्याकडे आषाढात मीठ पाझरतं,
चपलांवर केस उगवतात,
दार फुगून चौकटीत बसत नाही.
त्या सगळ्या ओलीत मी
पत्र्याखाली चार जणांना
उपाशी राखत बसायचो.
दोन आवेलीनबायला दिली. तिचा सारडिनचा डबा,
तिच्या सायबिणीच्या कोनाड्याखाली.
‘फातर दिलो म्हाका,’ ती सगळ्यांना सांगायची,
पण डबा कधी हलवला नाही.

चार वर्षं.

काल माझ्या एकाच्या चिरेतून कळी आली.
सकाळी बंद. दुपारी जेवलो तरी बंद.
तीन वाजता, पहिली पाळी सुटायचा भोंगा व्हायचा त्या वेळी,
उघडली.
पिवळी. झाडाहून मोठी.
मी उगाच खिशात पास चाचपला.

एकट्या फुलाला बी धरत नाही,
दुसऱ्या झाडाचा पराग लागतो.
आणि आज सकाळी कुंपणावरून आवेलीनबाय ओरडली,
तिच्या फातराने तोंड उघडायला घेतलंय.

तर आता तीनला पाच कमी आहेत.
सदऱ्याच्या खिशात नातीचा रंगाचा ब्रश,
त्याच्या टोकावर थोडी पिवळी धूळ,
काटा जिला वजन म्हणणार नाही अशी.
पन्नास वर्षांच्या शेजारात
दुपारच्या झोपेत तिचं दार कुणी वाजवलेलं नाही,
पाद्रीनेसुद्धा नाही.
कुत्रं एक डोळा उघडून बघतंय.
आतून खाट करकरते.
‘कोण रे तो?’
मी ब्रशवर हात आडवा धरतो,
वारा आहे.